सिंगल कॉइल, पी-९० की हंबकर: पिकअपचा फरक घरच्या घरी स्वतःच्या कानाने कसा पकडायचा

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपच्या, म्हणजे तारांखाली बसून त्यांचा आवाज उचलणाऱ्या भागाच्या, कंपॅरिझनचे व्हिडिओ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघायचे आणि शेवटी जो सगळ्यात मोठ्याने वाजला तोच आवडायचा, हे जवळपास सगळ्यांचं होतं. कानाची सवयच तशी आहे, दोन आवाजांत जरासा मोठा असेल तो त्याला भरदार वाटतो, आणि हंबकरचं (दोन कॉइलच्या पिकअपचं) आउटपुट सिंगल कॉइलपेक्षा बहुतेक वेळा जास्त असतंच, त्यामुळे तुलना सुरू व्हायच्या आधीच एक पारडं जड झालेलं असतं. तर खाली कुठले प्रकार कसे वाजतात ते सांगतोच, पण त्याहून जास्त जागा देणार आहे ती नवी मुंबईतली ऐरोली असो की ठाण्याचा घोडबंदर रोड, आपापल्या फ्लॅटमध्ये बसून हा फरक कसा तपासायचा याला. कारण इकडे बहुतेक जण हेडफोनवर नाहीतर १०-१५ वॉटच्या ॲम्पवर वाजवतात, भिंतीपलीकडे शेजारी, डोक्यावर पंखा, बाजूला लॅपटॉपचा चार्जर, आणि या सगळ्याचा पिकअपशी फार जवळचा संबंध आहे.

पिकअप ऐकतो म्हणजे काय करतो

चुंबक, आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, बस. वरची स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये बारीकसा करंट तयार होतो. म्हणून नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप ढिम्म बसतो. आणि म्हणूनच घरातल्या वायरिंगचं, ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्रही तो तितक्याच प्रेमाने उचलतो. आपल्याकडे महावितरणची लाइन ५० हर्ट्झची, म्हणून जो घूं, म्हणजे हम, ऐकू येतो तो ५० आणि त्याच्या पटीत १००, १५० असा असतो. जाड ई तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी, हा ९८ हर्ट्झचा. म्हणजे आपल्याकडचा हम जवळपास जी स्वरात बसतो! अमेरिकेत ६० हर्ट्झ असल्यामुळे त्यांच्या व्हिडिओतला हम आपल्या घरच्यापेक्षा थोडा चढा असतो.

आवाज ठरतो तो मुख्यतः तीन गोष्टींवर. कॉइल तारेचा किती रुंद तुकडा ऐकते, कॉइलचा इंडक्टन्स किती (तो वाढला की वरची ट्रेबल लवकर कापली जाते), आणि आउटपुट किती, म्हणजे ॲम्पला किती जोरात ढकलतो. चौथी गोष्ट पिकअपची जागा, आणि खरं सांगायचं तर कित्येकदा ती या तिघांवर भारी पडते. एकाच गिटारवरचा नेक पिकअप (दांडीकडचा) आणि ब्रिज पिकअप (तारा बॉडीवर अडकतात तिथला) यांच्यातला फरक हा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्रिज पिकअपमधल्या फरकापेक्षा खूप मोठा असतो. तरी लोक चर्चा कंपन्यांचीच करतात, असो.

सिंगल कॉइल

एकच कॉइल, उंच आणि अरुंद, स्ट्रॅट म्हणजे स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर सहा चुंबकाच्या कांड्याच पोल पीस म्हणून, म्हणजे प्रत्येक तारेखाली एक अशा, उभ्या असतात. फेंडरने स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आणली, टेलिकास्टर तिच्या आधीची. आवाज खणखणीत, पिकचा फटका लगेच ऐकू येतो, कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी कळते. हात हलका पडला तर हलका, जोरात पडला तर जोरात, लपवाछपवी नाही. क्लीन वाजवणाऱ्यांना, फंक वाजवणाऱ्यांना, ज्यांना बँडमध्ये कीबोर्ड आणि दोन गायकांच्या मधून वाट काढायची असते त्यांना हा आवाज लागतो. गेन, म्हणजे ॲम्पचा आवाज किती फुटेल ते ठरवणारा नॉब, वाढवला की मात्र ब्रिजचा सिंगल कॉइल टोचायला लागतो आणि हम पण गेनबरोबर वर येतो.

टेलीचा ब्रिज पिकअप स्ट्रॅटपेक्षा वेगळा वाजतो कारण त्याच्याखाली धातूची बेसप्लेट असते आणि तो स्वतः ब्रिजच्या लोखंडी पत्र्यात लटकलेला असतो, म्हणून मिड्स (मधल्या पट्टीतला आवाज) जास्त, ठोसा जास्त. नेकवर धातूचं झाकण असतं, ते वरची ट्रेबल थोडी खातं, म्हणून तो मऊ.

स्ट्रॅटच्या स्विचच्या २ आणि ४ नंबरच्या जागा वेगळ्या ऐका. तिथे दोन पिकअप एकत्र चालतात आणि थोडा पोकळ, नाकातला आवाज येतो. आजकालच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट वाइंडिंगचा आणि उलट पोलॅरिटीचा असतो त्यामुळे या दोन जागांवर हम जवळजवळ गायब होतो. घरात हमने वैतागला असाल तर आधी हे वापरून बघा, फुकट आहे.

पी-९०

गिब्सनचा, १९४६ पासूनचा. हाही सिंगल कॉइलच, म्हणजे हम आहेच आहे, पण कॉइल रुंद आणि बसकी, चुंबक खाली आडवे ठेवलेले आणि वर स्क्रू. त्यामुळे तारेचा जास्त रुंद तुकडा ऐकला जातो, मिड्स पुढे येतात, आवाजाला थोडी खरखरीत कड असते. लोक याला सिंगल कॉइल आणि हंबकरच्या मधला म्हणून मोकळे होतात, माझ्या कानाला ते पटत नाही. हंबकरचा गुळगुळीतपणा याच्यात नाही आणि स्ट्रॅटचा पातळपणाही नाही, याचा स्वभाव स्वतंत्र आहे आणि तो कळतो थोड्या फुटलेल्या, म्हणजे किंचित डिस्टॉर्ट होणाऱ्या, ॲम्पवर, जिथे गेन पाच-सहाच्या आसपास आहे आणि गिटारचा व्हॉल्यूम कमीजास्त करून तुम्ही क्लीन-क्रंच करताय. हाय गेन मेटलसाठी घेऊ नका, हमने जीव जाईल.

हंबकर

गिब्सनच्या सेथ लव्हरने पन्नाशीच्या दशकात दोन कॉइल शेजारी ठेवून एकीचं वाइंडिंग आणि चुंबकाची दिशा दोन्ही उलटी केली. बाहेरचा हम दोन्ही कॉइलमध्ये उलटसुलट येतो म्हणून एकमेकांना मारतो, तारेचा सिग्नल मात्र दोन्हीकडून एकाच दिशेने येऊन जोडला जातो. १९५७ पासून ते गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर यायला लागले, पेटंट मिळायला १९५९ उजाडलं, सुरुवातीचे जे पिकअप "पेटंट अप्लाइड फॉर" या स्टिकरचे ते पीएएफ म्हणून आज लाखात विकले जातात.

आवाज जाड का? एकतर दोन कॉइल तारेला दोन जागी ऐकतात, त्यामुळे काही वरचे हार्मोनिक्स आपसात कटतात. दुसरं, दोन कॉइल सीरीजमध्ये असल्यामुळे इंडक्टन्स वाढतो. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलचा साधारण २ ते ३ हेन्री, पीएएफ छापाच्या हंबकरचा ४ ते ५, आणि हॉट, म्हणजे जास्त आउटपुटचे, हंबकर याच्याही वर जातात. त्यामुळे पीएएफ छापाचा हंबकर आणि हॉट हंबकर हे दोन वेगळे प्राणी समजा. पहिला क्लीनवर अजून उघडा, गाणारा. दुसरा दाबलेला, मिड्सने ठासून भरलेला, पाम म्यूटला (तळहाताची कड तारेवर टेकवून वाजवण्याला) घट्ट. नेकला हॉट हंबकर लावला की क्लीन कॉर्ड चिखल होतात, हे माझं ठाम मत आहे, ज्यांना आवडतो त्यांनी लावावा.

कॉइल स्प्लिट म्हणजे हंबकरची एक कॉइल बंद करणं. त्याने आवाज पातळ होतो, हम परत येतो, आउटपुट पडतं. स्ट्रॅट होत नाही हो, पण कामाचा पर्याय आहे.

ॲक्टिव्ह आणि नॉइजलेस

ॲक्टिव्हमध्ये, म्हणजे ईएमजी ८१ वगैरे, कॉइलवर वेढे कमी आणि आत छोटा प्रीॲम्प, त्याला ९ व्होल्टची बॅटरी. नॉइज फार कमी, अटॅक धारदार, लांब केबल लावली तरी ट्रेबल जात नाही. मेटलवाल्यांचा लाडका, मेटॅलिकाच्या जेम्स हेटफील्डकडे वर्षानुवर्षे हेच. तक्रार अशी की हाताचा बारीक चढउतार थोडा सपाट होतो. केबल जॅकमध्ये राहिली की बॅटरी संपत राहते, वाजवून झालं की काढा. पॉट (व्हॉल्यूम-टोन नॉबखालचे रेझिस्टर) २५ के चे लागतात, म्हणून पॅसिव्ह पिकअप काढून ॲक्टिव्ह टाकताना निव्वळ पिकअप बदलून भागत नाही.

नॉइजलेस सिंगल कॉइल म्हणजे बहुतेकदा एकावर एक दोन कॉइल. हम जातो, वरची धार किंचित बदलते. हेडफोनवर प्रॅक्टिस करणाऱ्याला त्या धारेची उणीव जाणवणारही नाही.

आता ऐकायची तयारी

गिटार एकच असली तर उत्तम. एचएसएस म्हणजे ब्रिजला हंबकर आणि बाकी दोन सिंगल असलेली गिटार मित्राकडे असेल तर मागून आणा, यामाहा पॅसिफिका ११२ व्ही मध्ये कॉइल स्प्लिटपण आहे, म्हणजे एकाच लाकडावर, एकाच तारांवर तीन आवाज मिळतात. वेगवेगळ्या गिटार घेऊन बसणार असाल तर निदान तारा एकाच गेजच्या आणि एकाच वेळी बदललेल्या हव्यात. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यात जुलै-ऑगस्टमध्ये, तारा पटकन मेल्यासारख्या होतात आणि जुन्या तारांवरचा सिंगल कॉइल नव्या तारांवरच्या हंबकरपेक्षा बोथट ऐकू येतो, मग निष्कर्षच उलटा निघतो.

ऑडिओ इंटरफेस असेल तर इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झेड लिहिलेलं बटण दाबलंय का ते आधी बघा. तिथे साधारण १ मेगाओमचा इनपुट मिळतो. लाइन इनपुटमध्ये गिटार घातली की पॅसिव्ह पिकअपवर लोड येतो, ट्रेबल बसते आणि सगळे पिकअप सारखेच मंद वाटतात. केबल तीच ठेवा. लांब केबलची कपॅसिटन्स जास्त, त्यामुळे तीन मीटर आणि सहा मीटरच्या केबलमध्ये ऐकू येण्याइतका फरक पडतो, स्ट्रॅटवर तर नक्कीच. व्हॉल्यूम आणि टोन नॉब दहावर, पिक तेच, आणि मध्ये चहाला उठून परत बसलात तर हात बदलतो, म्हणून एका बैठकीत करा.

वाजवायचं काय ते ठरवून घ्या आणि प्रत्येक पिकअपवर तेवढंच वाजवा. मी सांगेन: उघडी ई मेजर कॉर्ड एकदा सावकाश आणि एकदा सटकन, मग बाराव्या फ्रेटच्या वर पातळ तारांवर चार-पाच स्वरांची ओळ, मग जाड तारेवर पाम म्यूट, मग तीच कॉर्ड व्हॉल्यूम सहावर आणून. शेवटचं बरेच जण विसरतात, पण पिकअप व्हॉल्यूम कमी केल्यावर कसा वागतो हा त्याच्या स्वभावाचा अर्धा भाग आहे.

दोन फेऱ्या, दोन्ही गरजेच्या

पहिली फेरी लेव्हल सारखी करून. कोरा सिग्नल रेकॉर्ड करा, इफेक्ट ॲम्प काही नाही, मग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक क्लिपची लाउडनेस सारखी करा आणि त्यानंतर सगळ्यांवर एकच ॲम्प सिम्युलेटर, एकच सेटिंग. नुसते पीक बघून लेव्हल लावू नका. सिंगल कॉइलचा पिकचा फटका उंच जातो आणि मागचा आवाज बारीक असतो, म्हणून पीक सारखे केले की सिंगल कॉइल उगीच दबलेला ऐकू येतो. एलयूएफएस मीटर (कानाला वाटणारी लाउडनेस मोजणारा) असेल तर त्याने, नाहीतर सरळ कानाने जुळवा. या फेरीत कळतो तो निव्वळ टोन, आणि गंमत म्हणजे इथे हंबकरचा रुबाब बराच उतरतो, पी-९० आणि पीएएफ छापाचा हंबकर अपेक्षेपेक्षा जवळ येतात.

दुसरी फेरी लेव्हल न जुळवता, जसं आहे तसं, थोड्या फुटलेल्या ॲम्पवर. कारण खऱ्या आयुष्यात जास्त आउटपुटचा पिकअप ॲम्पला लवकर फोडतो, तो त्याच्या आवाजाचाच भाग आहे. जिथे स्ट्रॅट अजून क्लीन आहे तिथे हंबकर कुरकुरायला लागतो. इथे जे आवडेल त्याबद्दल स्वतःला विचारा, हे पिकअपमुळे आवडतंय की पेडलने आठ-दहा डीबी वाढवले तरी मिळेल? स्वच्छ बूस्ट पेडल चांगल्या पिकअपपेक्षा स्वस्त पडू शकतो.

फायलींना नावं देऊ नका, नंबर द्या, आणि घरातल्या कुणालातरी उलटसुलट क्रमाने लावायला सांगा. आई-बाबा वैतागतील, पण "हा विंटेज आहे" हे माहीत असलं की कान त्याच्या बाजूने ऐकतो.

हमची तपासणी

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची धरतो, कारण फ्लॅटमध्ये अनेकदा हीच निर्णय घेते. गिटार लावा, गेन तुम्ही रोज वाजवता तेवढा ठेवा, तारांवर हात ठेवून गप्प बसा. आता खुर्चीवर हळूहळू गोल फिरा. फिरताना घूं कमीजास्त होत असेल तर तो चुंबकीय हम आहे, कॉइलच उचलतेय, एखाद्या दिशेला तो जवळपास मरतो, ती दिशा लक्षात ठेवा आणि तिकडे तोंड करून वाजवा. हा हम कॅव्हिटीत (पिकअप-वायरिंग बसतं त्या खाचेत) कॉपर फॉइल लावून जात नाही, त्यावर उपाय हंबकर, नॉइजलेस किंवा अंतर. ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन-तीन फूट लांब बसलात तरी फरक पडतो.

आता तारांवरून हात काढा. हात काढल्यावर झिर्रर्र असा नॉइज वाढला आणि ठेवल्यावर कमी झाला तर गिटारचं ग्राउंडिंग ठीक आहे, नॉइज इलेक्ट्रिक फील्डचा आहे, आणि इथे फॉइलचं शील्डिंग खरोखर उपयोगी पडतं. उलटं झालं, म्हणजे हात लावल्यावर नॉइज वाढला, तर जॅकच्या वायरी उलट्या आहेत का, ब्रिजची ग्राउंड वायर सुटलीय का ते बघा. मग एकेक वस्तू बंद करत जा: पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमरवाले दिवे, चार्जर, इंडक्शन शेगडी. बऱ्याचदा चोर रेग्युलेटरच निघतो, आणि पंखा फुल केला की नॉइज कमी होतो कारण फुलवर तो वेव्ह कापत नाही.

जुन्या बिल्डिंगीत, सिडकोच्या सुरुवातीच्या घरांत वगैरे, कधीकधी सॉकेटला तिसरं भोक असतं पण आत अर्थिंगची वायर धड जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवून तपासून घ्या. नॉइज जातो म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन तोडणारे भेटतात, ते कधीच करू नका. तारांना किंवा माइकला झिणझिण्या जाणवल्या तर ताबडतोब बंद, गणपतीच्या मांडवात पावसात वाजवताना तर हे दहापट लागू.

बदलायच्या आधी उंची

पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवायला पैसे पडत नाहीत आणि त्याने आवाज इतका बदलतो की निम्म्या लोकांचा नवीन पिकअपचा विचार तिथेच थांबेल. पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, पोल पीसचा माथा आणि तारेची खालची बाजू यातलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. स्ट्रॅटला जाड तारेकडे साधारण २ ते २.४ मिमी, बारीक तारेकडे १.६ ते २ मिमी इथून सुरुवात करा. लेस पॉल छाप हंबकरला नेककडे २.४ आणि ब्रिजला १.६ मिमी. हंबकर याच्याही थोडा जवळ चालतो, पण स्ट्रॅटच्या कांड्या थेट चुंबकच असल्यामुळे जास्त जवळ आणल्या की तारेला खेचतात, जाड तारेवर वरच्या फ्रेटला सूर डुगडुगतो, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून ब्रिजवर केलेली जुळणी) लावून लावून हात दुखतात आणि दोष तिथे नसतोच. नेक खूप गढूळ वाटतोय? अर्धा मिलिमीटर खाली करा आणि परत ऐका.

आकड्यांवर किती विश्वास

विकणारे डीसी रेझिस्टन्स सांगतात, ६ के, ८ के, १६ के, आणि घेणारे तो आकडा आउटपुट समजून बसतात. केबल जॅकला लावून, व्हॉल्यूम फुल करून, केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप आणि स्लीव्हवर मल्टीमीटर लावला की तुम्हालाही मोजता येतो, पॉट समांतर असल्यामुळे खऱ्यापेक्षा किंचित कमी दिसेल. स्ट्रॅटला साडेपाच ते साडेसहा किलोओम, पीएएफ छापाला सात ते नऊ, हे साधारण. पण टेलीच्या नेक पिकअपला बारीक, ४३ गेजची तार असते, बारीक तारेचा रेझिस्टन्स जास्त, म्हणून तो सात-आठ दाखवतो आणि वाजतो मात्र मवाळच. हा आकडा एकाच प्रकारच्या, एकाच गेजच्या पिकअपमध्ये तुलना करायला ठीक. सेकंडहँड घेताना तो फार कामाचा: मीटर काहीच दाखवत नसेल किंवा फक्त पॉटची किंमत, २५० के किंवा ५०० के च्या आसपास, दाखवत असेल तर कॉइल तुटलीय, नाहीतर एखादा सोल्डर सुटलाय.

बदलायचाच असेल तर

आकार बघा. हंबकरच्या जागेत बसणारे पी-९० मिळतात, स्ट्रॅटच्या खाचेत बसणारे रेल हंबकरही मिळतात, म्हणजे बॉडी कोरायची वेळ सहसा येत नाही. ब्रिजला तारांमधलं अंतर मोजा, ५० मिमी आणि ५३ मिमी असे दोन मुख्य प्रकार येतात. पॉट सिंगल कॉइलला २५० के, हंबकरला ५०० के ही रूढ पद्धत, आणि हंबकर २५० के वर मंद वाटला तर दोष त्याला देऊ नका. पॉट, सोल्डर, कॉपर फॉइल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळतं, वाशीहून असो की ठाण्याहून, एका रविवारऐवजी एखाद्या कामाच्या दिवशी जा, रविवारी बरीच दुकानं बंद असतात.

चार वायरींच्या हंबकरचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, एकाचा डायग्राम दुसऱ्याला लावलात तर दोन पिकअप एकत्र केल्यावर आवाज पातळ, बेस गायब, म्हणजे फेज उलटी. त्यामुळे जुना पिकअप उपटायच्या आधी आतल्या वायरिंगचे मोबाइलवर फोटो काढा, जवळून, दोन्ही कोनांतून. काढलेल्या पिकअपची वायर मुळापासून कापू नका, सोल्डर वितळवून सोडवा, स्क्रू आणि स्प्रिंगसकट झिप पिशवीत घालून वर गिटारचं नाव आणि नेक की ब्रिज ते लिहून ठेवा, गिटार विकायची वेळ आली की ओरिजिनल पिकअप परत बसवून द्यायचा आणि महागाचा आपल्याकडे ठेवायचा.